डोंगा जाईल एवढी वाट

आमच्या गावच्या मालगुजारी तलावाचं, म्हणजे पूर्वी मालगुजार जमीनदारांकडे असलेल्या तलावाचं, पाणी सांडव्यावरून ज्या नाल्यात पडतं, तो नाला बांध्यांमधून, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतांमधून, वळणं घेत चुलबंद नदीला मिळतो. चुलबंद पुढे वैनगंगेत जाते. भंडारा जिल्ह्यात वर्षाला साधारण १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांतच. त्यामुळे मिरगापासून दिवाळीपर्यंत, तलाव चांगला भरला असेल तर संक्रांतीपर्यंतही, या नाल्यात डोंगा, म्हणजे आमची लांब होडी, चालेल एवढं पाणी असायचं. ढिवरांचे, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाचे, डोंगे याच वाटेनं तलावातून नदीवर जात. रोवणीच्या दिवसांत बायका पलीकडच्या बांध्यांवर डोंग्यातून जात आणि कापणीनंतर धानाचे भारे डोंग्यातून येत. बैलबंडीचा रस्ता चिखलात बुडाला तरी नाला चालू असायचा.

मी लग्न होऊन इथे आले तेव्हा ही वाट बंद पडलेली होती. सांडव्यापासून थोड्या अंतरावर बेशरमाच्या झुडपांची भिंत सुरू व्हायची. त्यापुढे जलपर्णी, मग आडवी पडलेली बाभूळ, मग पुन्हा बेशरम. आमचं घर ढिवराचं आहे. माझे मामाजी, म्हणजे सासरे, तलावात डोंगा चालवायचे, पण नदीवर जायचं तर सायकलीनं. मला डोंगा चालवायला त्यांनीच शिकवलं. नाल्याच्या तोंडाशी आलं की ते बांबू रोवून डोंगा थांबवायचे आणि पुढे कुठे कोणतं वळण आहे, कुठे डोह आहे, ते सांगायचे. ती वाट त्यांच्या तोंडी होती आणि डोळ्यांपुढे नुसतं रान होतं.

वाट बुजण्याची कारणं एकाएकी आली नाहीत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं इथे तलाव बांधले. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत. मालगुजारी होती तोवर दर उन्हाळ्यात गावानं पाळ दुरुस्त करायची, तुडुम, म्हणजे तलावातून पाणी सोडायची जागा, बघायचा, पाट आणि नाला मोकळा करायचा, अशी रीत होती. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. आज १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे आहेत. तलावाला निदान कोणीतरी धनी उरला. तलाव आणि नदी यांच्या मधल्या नाल्याकडे मात्र कोणाचीच पाळी येईना. पक्के रस्ते झाले, मोटारसायकली आल्या, मासेमारी संस्था माशांचं विकतचं बीज तलावात सोडू लागली, आणि नदीवर जाण्याची गरज कमी झाली. वापर थांबला तसं रान आत शिरलं.

कामाला सुरुवात झाली ती मासेमारी संस्थेच्या बैठकीत. एका पावसाळ्यात नाल्याकाठच्या बांध्यांमध्ये पाणी इतके दिवस तुंबून राहिलं की पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, सडले. ज्या शेतकऱ्यांच्या बांध्या होत्या ते संस्थेकडे आले आणि म्हणाले, नाला मोकळा करायला तुम्ही उतरणार असाल तर आम्हीही येतो. ढिवरांना वाट हवी होती, शेतकऱ्यांना पाण्याचा निचरा हवा होता. बचत गटातल्या आम्ही बायका होतोच, कारण बांध्यांवर चालत जाताना चिखलाचा फेरा आमच्याच पायांना पडत होता. दिवाळीला गावी आलेली कॉलेजची मुलंही मिळाली. मजुरी कोणाला नव्हती. मला या कामातलं सर्वात मोलाचं वाटतं ते हे, की चार प्रकारच्या माणसांना चार वेगळ्या कारणांसाठी तोच नाला हवा होता.

आधी कागद. तलाठ्याकडून गावनकाशा काढला. नाला त्यावर स्पष्ट होता, आणि आज दिसतो त्यापेक्षा रुंद होता. आमच्या भागात निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या दोन जुन्या नोंदी असतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये त्यांची कलमं आहेत, १६१ आणि १६५. निस्तारपत्रकात गावाच्या सामाईक जागांचा वापर नोंदतात. वाजिब-उल-अर्जात पाण्याचे, येण्याजाण्याच्या वाटांचे, मासेमारीचे रिवाज नोंदतात. नाल्यावर, ओढ्यावर काम करू पाहणाऱ्या पूर्व विदर्भातल्या कोणालाही मी सांगेन की हे दोन कागद आधी वाचा. आपण कोणाच्या जागेत शिरतो आहोत की गावाच्याच जागेत उभे आहोत, हे त्यांच्यावरून कळतं आणि वाद वाढायच्या आधीच मिटतो. आमच्याकडे एका ठिकाणी एका शेतकऱ्याचा धुरा, म्हणजे शेताच्या हद्दीचा बांध, सरकत सरकत नाल्यात आला होता. नकाशा समोर ठेवून बोलणं झालं. नाल्यातला गाळ त्यांनी आपल्या बांधीत न्यायचा आणि धुरा मागे घ्यायचा, असं ठरलं, आणि त्यांनी तो घेतला. ग्रामसभेचा ठराव झाला. उभी झाडं तोडायची नाहीत, हे ठरावातच लिहून घेतलं.

मग उन्हाळ्यात, नाला आटल्यावर, आम्ही सांडव्यापासून नदीपर्यंत त्याच्या पोटातून चालत गेलो. ही पायपीट टाळून चालत नाही. पाणी असताना जे दिसत नाही ते सगळं तेव्हा उघडं पडतं: तुटक्या खोडांचे सुळके, दगड, कोणी पुरलेले कुंपणाचे खांब, कीटकनाशकाच्या बाटल्या. मामाजी काठी टेकत पुढे, एक पोरगा मोबाइलवर फोटो काढत मागे. तोडायच्या फांदीला चुन्याचा पट्टा आणि जे ठेवायचं त्याला सुतळी, अशी खूण ठरली. सुतळीचा गुंडा चुन्याच्या आधी संपला, कारण मामाजी पावलोपावली सांगत होते, "हे राहू द्या जी. सारंच साफ कराल तं मासोरी कुठं राहील?"

हा मुद्दा सगळ्यांना लगेच पटला नाही. मुलांच्या मनात नाला म्हणजे दोन्ही काठ छाटलेला, सरळ, स्वच्छ कालवा. पण मरळ उथळ पाण्यात, पाणवनस्पतींच्या आडोशाला अंडी घालते आणि पिल्लांची राखण करते. मिरगाच्या पहिल्या पुरात नदीतले मासे याच नाल्यातून वर बांध्यांत आणि तलावात चढतात. वाटेत त्यांना थांबायला संथ पाणी लागतं, आणि ते पाणी काठाच्या मुळांमागे, बुडालेल्या ओंडक्यामागे मिळतं. म्हणून आमचा नियम ठरला तो मामाजींच्या शब्दांत: डोंगा जाईल एवढी वाट करायची, बाकी नाल्याचं नाल्याजवळ राहू द्यायचं. डोंग्याची रुंदी, दोन्ही बाजूंना हातभर मोकळी जागा, आणि वळणावर थोडी जास्त, कारण लांब डोंगा वळताना त्याचं शेपूट बाहेर फेकलं जातं. उंचीही मोजली. आमच्याकडे डोंग्यात उभं राहून बांबू टेकत जातात, म्हणून पाणी भरलेलं असताना उभ्या माणसाच्या डोक्यावरून फांदी जायला हवी.

बेशरमाचं काम सगळ्यात जिकिरीचं. हे झुडूप दक्षिण अमेरिकेतून आलेलं आहे. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, आणि तोडलेला एकेक तुकडा ओल्या मातीत पडला की पुन्हा मूळ धरतो. नुसतं विळ्यानं कापलं तर पावसाळ्यात दुप्पट जोमानं उभं राहतं. त्यामुळे टिकासानं खणून, सब्बल लावून, मुळासकट काढायचं. चीक अंगाला लागला की खाज सुटते, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे. काढलेलं सगळं काठापासून दूर उंचावर, उन्हात, मुळं वर करून पसरायचं आणि पार वाळेपर्यंत हलवायचं नाही. काठावर ढीग लावून ठेवला तर पहिल्या पुरात तो पुन्हा नाल्यात उतरतो आणि खालच्या गावाला बेशरम मिळतं. आम्ही काम वरून खाली केलं, सांडव्यापासून नदीकडे, म्हणजे सुटलेला तुकडा अजून साफ न केलेल्या भागात जाऊन अडकेल. बायकांची रांग मागे फक्त तुकडे वेचायला असायची. बघणाऱ्याला ते काम हलकं वाटेल, पण खणण्याइतकंच महत्त्वाचं तेच आहे.

जलपर्णी उन्हाळ्यात फक्त डोहांत उरलेली होती, गादीसारखी जाड. कोमट, खताळ पाण्यात ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. पाणी कमी असतानाच ती काढावी, तेव्हा माणसं आत उतरू शकतात. दोर टाकून, दोन्ही काठांवरून ओढत ती बाहेर आणली. तिचं खत होतं, आणि ते शेतकऱ्यांनी नेलं. तिचं बी मात्र गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं, म्हणून एकदा काढून ती संपत नाही. दर महिन्याला कोणीतरी डोंग्यातून फिरून कोवळी रोपं हातानं उचलली तरच ती आटोक्यात राहते.

आता आडव्या पडलेल्या झाडांबद्दल जरा थांबून सांगते, कारण इथे जीव जाऊ शकतो. पाण्यात पडलेल्या फांद्यांच्या जाळीतून पाणी आरपार जातं, पण डोंगा आणि माणूस जात नाहीत. धार जोरात असली की डोंगा त्या जाळीवर दाबला जातो, आडवा होतो आणि उलटतो. माणूस फांद्यांत अडकतो आणि मागून येणारं पाणी त्याला सुटू देत नाही. साधा दगड डोंग्याला बाजूला ढकलतो, फांदी धरून ठेवते. त्यामुळे धारेच्या मधोमध असलेलं आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूचं प्रत्येक पडकं झाड आम्ही कापलं, कारण धार डोंग्याला वळणाच्या बाहेरच्या बाजूलाच नेते. आतल्या बाजूचे, काठाला समांतर पडलेले ओंडके तसेच ठेवले. ते काठ राखतात, मासे राखतात. कापणं सगळं आटलेल्या नाल्यात, कुऱ्हाडीनं आणि करवतीनं. खोड तळाशी सपाट होईपर्यंत कापायचं. गुडघाभर सुळका ठेवला तर पाणी चढल्यावर तो दिसत नाही आणि डोंग्याचं पोट फाडतो. हल्ली बरेच डोंगे पत्र्याचे आहेत, जुन्या कोरीव लाकडाच्या डोंग्यापेक्षा लवकर फाटतात. जे दगड हलवता आले नाहीत त्यांच्याशेजारी लांब बांबू रोवून वर लाल चिंधी बांधली.

गाळावरून मोठा वाद झाला. यंत्र लावलं तर दोन दिवसांत काम होईल, असं काहींचं म्हणणं होतं, आणि घमेली उचलून पाठ मोडलेल्या माणसांचं ते म्हणणं चुकीचं नव्हतं. पण यंत्राचा पंजा काठ उभा कापतो आणि उभा काठ पहिल्याच पुरात ढासळतो. अर्जुन, करंज आणि जांभळाची मुळं तुटली की मग त्याला धरून ठेवायला काहीच उरत नाही. शिवाय खालचा चिकण मातीचा थर फुटला तर डोहातलं पाणी जमिनीत जिरून जातं. शेवटी तडजोड झाली. मधल्या, झाडं नसलेल्या लांब पट्ट्यात ट्रॅक्टर उतरवून फक्त वरचा मऊ गाळ काढला, तोही शेतकऱ्यांनी आपापल्या बांधीत नेला. बाकी सगळीकडे पावडा आणि घमेला. मला आजही वाटतं की हा निर्णय सर्वात बरोबर होता. शेजारच्या शिवारात जिथे नाला यंत्रानं सरळ आणि खोल केला, तिथे पाणी इतक्या वेगानं निघून जातं की दसऱ्यानंतर डोंगा चालत नाही.

कचऱ्याचं थोडक्यात सांगते. कीटकनाशकांच्या बाटल्या हातमोजे घालून वेगळ्या पोत्यात भरल्या. त्या जाळल्या नाहीत, घरी कशालाही वापरू दिल्या नाहीत. प्लास्टिक ग्रामपंचायतीकडे दिलं. गुरं उतरतात तिथे नाल्याचा काठ पार पायदळी गेला होता. एकाच ठिकाणी दगड बसवून उतार करून दिला आणि बाकीचा काठ काटेरी फांद्यांनी बंद केला. गुराख्यांनी ते मान्य केलं, कारण दगडी उतारावर गुरांचे पाय रुतत नाहीत.

पहिला पाऊस आला तेव्हा आम्ही सगळे काठावर होतो. सांडवा वाहायला लागला, पाणी वळणावळणानं पुढे गेलं, आणि बांध्यांत तुंबलं नाही. मासे चढताना दिसले. पाणी गढूळ आणि धार जोराची, म्हणून डोंगा कोणी टाकला नाही, आणि तो नियम आजही आहे: पूर उतरून पाण्याचा रंग बदलेपर्यंत नाल्यात उतरायचं नाही. पुढे झड थांबली तेव्हा संस्थेच्या दोन जुन्या ढिवरांनी रिकामा डोंगा नेला. वाट तपासत, जागोजागी थांबत ते नदीपर्यंत गेले. परत आल्यावर त्यांनी कुठे फांदी खाली आहे, कुठे वळण अजून तंग आहे, ते सांगितलं. त्यानंतर इतरांनी जायचं. मी त्या हंगामात नदीपर्यंत डोंगा नेला, मामाजींना पुढे बसवून. त्यांनी सांगितलेले डोह खरोखर तिथेच होते.

बेशरम पुन्हा फुटलंच, पण जिथे मुळासकट काढलं होतं तिथे तुरळक, हातानं उपटता येईल असं. धार जिथे संथ होते तिथे मोकळी झालेली जागा रिकामी ठेवली तर पुन्हा जलपर्णी येणार, हे स्पष्ट होतं. म्हणून तलावातून चिल्याचे, म्हणजे पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतीचे, मातीसकट झुबके आणून डोहांच्या कडेला चिखलात खोचले. पाण्यातली देशी वनस्पती परत आली तर मासे टिकतात, हे गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांतल्या तलावांवर ढिवरांनी, त्यातही बायकांनी, गेली काही वर्षं करून दाखवलं आहे. आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो. ढासळणाऱ्या काठांवर वाळा लावला, त्याची मुळं खोल जातात. डोहांवर आता मरळ मिळते, झिंगे मिळतात, कमळपक्षी चिल्यावरून चालताना दिसतात.

खरं काम मात्र सफाई संपल्यावर सुरू झालं, आणि माझा सगळा आग्रह त्याच्यासाठी आहे. लोक एका मोठ्या श्रमदानाला येतात, फोटो निघतात, आणि तीन पावसाळ्यांत नाला होता तसा होतो. आम्ही नाल्याचे वळणांप्रमाणे भाग पाडले. ज्याची बांधी ज्या भागाला लागून आहे आणि जो ढिवर तिथे जाळं टाकतो, त्या दोघांच्या नावावर तो भाग. डोंगा घेऊन जाणाऱ्या प्रत्येकानं येताना दिसलेली जलपर्णी उचलून काठावर दूर टाकायची आणि पडकं झाड दिसलं तर संस्थेच्या फळ्यावर खडूनं लिहायचं. दिवाळीनंतर, धान कापून मोकळं झालं की, कोवळं बेशरम उपटायचं. उन्हाळ्यात सुळके आणि गाळ. मिरगाच्या आधी सगळं हत्यार नाल्याबाहेर, कारण मासे चढायच्या वेळी पाण्यात गडबड नको. मुलांना डोंगा शिकवतो ते तलावात, पोहता आल्यावर, अंगावर लाइफ जॅकेट घालून. नाल्यात ती मोठ्यांबरोबरच जातात. मुली शिकतात, हे मुद्दाम सांगते.

एक अडचण उरली आहे ती रस्त्याच्या मोरीची. नाला जिथे रस्त्याखालून जातो तिथे सिमेंटचे पाइप टाकलेले आहेत. त्यातून पाणी जातं, डोंगा जात नाही, आणि पुरात फांद्या तिथेच येऊन बसतात. सध्या मोरीच्या दोन्ही बाजूंना दगडांचा उतार केला आहे. धार मोरीकडे ओढायला लागण्याच्या बरंच आधी, चिंधी बांधलेल्या बांबूपाशी काठाला लागायचं, डोंगा चौघांनी उचलून रस्ता ओलांडायचा आणि पलीकडे पुन्हा पाण्यात सोडायचा. एकट्या बाईला हे जमत नाही, म्हणून पलीकडच्या बांध्यांवर जाताना आम्ही जोडीनं दोन डोंगे नेतो. पाइपांच्या जागी डोंगा जाईल एवढ्या रुंद गाळ्याचा छोटा पूल व्हावा, असा ठराव येत्या ग्रामसभेत बचत गटाकडून मांडणार आहोत. त्यासाठी सगळ्यात भरल्या पाण्याची उंची, बांबू घेऊन उभ्या माणसाची उंची आणि डोंग्याची रुंदी, ही मापं घेऊन ठेवली आहेत.